ती काठावर नव्हती

१८ जून २०२५

कात्री सापडली नाही, म्हणून मासे कापायच्या कोयत्यानं पार्सल फाडलं. पुठ्ठ्याला खवले लागले. आतल्या पुस्तकाला लागले नाहीत. हे आधी सांगते, कारण तू तेच आधी विचारलं असतंस.

पार्सल शाळेच्या नावानं आलं होतं. 'सातवी-आठवीच्या मुलींसाठी', एवढंच, तुझ्या अक्षरात. हेडमास्तर म्हणाले, "जमनाबाई, आयर्लंडहून आलंय. तुमच्याकडेच द्यावं म्हटलं." मराठीच्या बाईकडे इंग्रजी पुस्तक का द्यायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. माझी धाकटी बहीण तिथं नर्स आहे हे गावाला माहीत आहे. आपण बोलत नाही, हेही. शाळेत उघडलं नाही. घरी आणलं.

नऊ लोककथा आहेत. नऊही मुलींच्या. चित्रं मोठी आहेत, समुद्र आपल्यापेक्षा हिरवा. पहिल्यांदा पानं झटकून चिठ्ठी शोधली. नव्हती. तिसऱ्या गोष्टीत बसचं तिकीट होतं. गॉलवे, सकाळी पावणेसात. खूण म्हणून ठेवलं असशील किंवा राहिलं असेल.

पार्सलच्या मागे पत्ता होता, म्हणून लिहिते आहे. पुस्तक पोचलं, एवढं कळवण्यासाठी. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी हात लुंगीला पुसले, पण पुस्तक घेतलं नाही. दुरूनच म्हणाले, "कागद चांगला हाय." मासेमारीची बंदी एकतीस जुलैपर्यंत आहे, बोटी वर ओढलेल्या आहेत. त्यांना तसंही समुद्रावर जायचं नसतं आता, आपली भागीदारीतली बोट विश्रामकाकांचा मुलगा नेतो. तरी पहाटे चारला उठून ओट्यावर बसतात. तू गेल्यापासून रोज. तब्येत बरी आहे.

जमना

६ जुलै

दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुली थांबतात. तेवीस आहेत. आठवडाभर मी एक गोष्ट मराठीत करते, बोईसरला जाऊन झेरॉक्स काढते, शनिवारी वाचतो. झेरॉक्सवाला निमेश परवा म्हणाला, "मॅडम, ये कहानी है क्या? एक कॉपी मैं रख लूँ? मेरी लड़की मराठी मीडियम में है." ठेव म्हटलं. म्हणजे चोवीस.

पहिल्या दोन गोष्टी सरळ गेल्या. अडले ते चुलीशी. तिथं दलदलीतली माती कापून वाळवतात आणि जाळतात. मी तसंच लिहिलं.

"बाई, माती जळते?" सुलूनं विचारलं.

"तिकडची जळते."

"मग तिकडचा चिखल पण वाळत घालत असतील. बोंबलासारखा."

घालतात. पुस्तकात चित्र आहे, ढीग करून ठेवलेला. ही सुलू विश्रामकाकांची नात. आठवीत आहे. तू गेलीस तेव्हा ती दुसरीत असेल. तिच्यापुढे चूक टिकत नाही.

तिसरी गोष्ट तू वाचलीच असशील, तिकीट तिथंच होतं. नूलाचे वडील धुक्यात हरवतात. समुद्राखालच्या राजानं त्यांना होडीसकट धरून ठेवलेलं असतं. गावातले पुरुष म्हणतात, धुकं उतरू दे. नूला थांबत नाही. निघताना आई विचारते, अर्धी भाकर आशीर्वादासकट नेतेस, की अख्खी भाकर शापासकट? नूला अर्धी मागते.

रूपल म्हणाली, "माझी आय अख्खी भाकर पण देते आन् शिव्या पण." वर्ग दहा मिनिटं हसत होता.

तू गेलीस त्या सकाळी मी तांदळाच्या बारा भाकऱ्या थापल्या होत्या. डबा ओट्यावरच राहिला. उगाच आठवलं.

गोष्ट चांगली उतरली आहे. शेवटाकडे थोडं इकडचं तिकडे केलं. मुली या किनाऱ्यावरच्या आहेत, त्यांना पटेल असं करावं लागतं.

जमना

१२ जुलै

आज सुलूनं पुस्तक मागितलं. मी ते कपाटात ठेवते, मुलींना झेरॉक्सच देते. तिला भिंतीवर लावायला चित्र काढायचं होतं. दिलं. ती खिडकीशी बसली. बराच वेळ पेन्सिल चालली नाही.

"बाई, ही होडीत हाय."

"कोण?"

"नूला. तुमी लिवलंय, नूला काठावर उभी राहिली आणि तिच्या भावानं होडी नेली. हितं भाऊच नाय. ही एकटीच हाय. वल्ही पण हिच्याच हातात."

मी म्हटलं, चित्रकार कधीकधी आपल्या मनानं काढतात.

सुलूनं चित्राखालची ओळ वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द. आठवीचं इंग्रजी तेवढ्याला पुरतं. मग दोन पानं मागे गेली, दोन पुढे.

"भाऊ कुठंच नाय, बाई. कुठनं आणला?"

"बाईंनी दत्तक घेतला," रूपल म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. सुलू नाही.

"होडीत बाई चढली तर होडी बाटते, म्हणून बदललं का तुमी?"

मी घंटेची वाट पाहिली. शनिवारी शाळा सुटल्यानंतर घंटा होत नाही.

जमना

१३ जुलै

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात येतील.

मी एक गोष्ट कधी लिहून काढली नाही. आता भाषांतर करते तशी करते, वाक्यामागून वाक्य. तुला ती माहीत आहे. मला माहीत आहे का, ते बघ.

२०१९. विसर्जनाच्या आदल्या दिवशीची दुपार. मच्छीमार सोसायटीच्या कामासाठी सगळे पुरुष पालघरला गेले होते. आपली बोट खाडीच्या तोंडाशी नांगरून होती. बाबा एकटे बोटीवर, इंजिन उघडून बसलेले. वारा एकदम फिरला. नांगराचा दोर तुटला. बोट खडकांकडे सरकायला लागली आणि बाबा दिसेनात.

तू विश्रामकाकांची छोटी होडी पाण्यात ढकललीस. मी ओरडले, "थांब, पुरुष येतील." तू मागे पाहिलं नाहीस. अर्ध्या वाटेत एक वल्हं चिरलं. ते तू ओढणीनं बांधलंस. बोटीला लागलीस, वर चढलीस. मग मला फक्त बोटीचं नाक दिसत होतं. इंजिनाचा आवाज आला आणि ते खडकांपासून वळलं. बोट खाडीत आली तेव्हा सुकाणूवर तू होतीस. बाबा खाली पडले होते, डोक्याला लागून. तुझे तळवे सोललेले होते. मी ते पाहिले.

तू कपडे बदलायला घरी गेलीस. पुरुष तासाभरानं आले. बाबा तोपर्यंत उठून बसले होते. कुणीतरी म्हणालं, "एकनाथनं एकट्यानं बोट आणली." बाबा काही बोलले नाहीत. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

दहा दिवसांनी सोसायटीची बैठक. तू उभी राहिलीस. म्हणालीस, "बोट मी आणली." लोक हसले. विश्रामकाका हसले नाहीत, त्यांनी मला विचारलं. "जमना, तू काठावर होतीस. तू शिकलेली. सांग."

हंगाम नुकताच सुरू झाला होता. बाई चढलेल्या बोटीवर खलाशी चढत नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाबा समोर बसले होते, डोक्याला पट्टी. मी म्हटलं, "भाविका माझ्याजवळ काठावर होती. बोट बाबांनी आणली."

तू माझ्याकडे पाहिलंस. तेवढंच. फेब्रुवारीत गेलीस.

पुढच्या नारळी पौर्णिमेपासून गावाचा नारळ समुद्रात सोडायचा मान बाबांना आहे. दरवर्षी.

मी वाक्यं परत वाचली. काही बदललेलं नाही. नूलासाठी मी भाऊ आणला. तुझ्यासाठी बाबा आणले. दोघींना काठावर उभं केलं. पहिल्या वेळी मला कारण होतं असं मी म्हणू शकते. दुसऱ्या वेळी मला कुणी विचारलंही नव्हतं. हात आपोआप गेला.

जमना

३ ऑगस्ट

गोष्ट पुन्हा लिहिली. भाऊ काढला. शेवट तीन ओळींनी कमी झाला आणि बरा झाला. निमेशकडे चोवीस प्रती काढल्या. तो म्हणाला, "पहले वाली में गलती थी?" होती, म्हटलं.

यंदा नारळी पौर्णिमा नऊ तारखेला, शनिवारी. नारळ निघण्याआधी मांडवात शाळेचा कार्यक्रम असतो, तुला आठवत असेल. दरवर्षी कोळीनृत्य. यंदा सुलू गोष्ट सांगणार आहे. हे तिनंच ठरवलं. नूलाची.

काल विश्रामकाका घरी आले. टोपी काढून ओट्यावर बसले. बाबा आत जाळं विणत होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"जमना, पोरगी घरात रोज गोष्ट बोलते. चांगली बोलते. पण नारळाच्या दिवशी होडीत बाई नको. दुसरा कुठलाबी दिवस घे. पंधरा ऑगस्टला घे."

"सुलू काय म्हणते?"

"ती म्हणते बाईंनी सांगितलं तर बदलीन. म्हणून तुझ्याकडे आलो." मग हळू बोलले. "मी एकटा असतो तर काय नाय. खलाशी ऐकतात ना सगळं. हंगामाच्या तोंडावर ते उतरले तर तुझ्या बापाची आन् माझी बोट उभी राहील."

वाईट माणूस नाही. त्याच भीतीनं मी सहा वर्षांपूर्वी बोलले होते.

मी म्हटलं, सुलूशी बोलते. संध्याकाळी तिला खाडीवर गाठलं. म्हटलं, "जशी लिहिली आहे तशीच सांग."

"आजा ओरडेल."

"माझ्यावर ओरडेल. तू संपवलीस की मी बोलणार आहे."

"गोष्ट?"

"हो. दुसरी. खरी."

घरी येऊन बाबांना सांगितलं. की नारळ निघण्याआधी माईकवर सांगणार आहे, बोट भाविकानं आणली. मान जाईल. लोक त्यांनाही बोलतील, मलाही. त्यांनी नाही म्हटलं तर काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

बाबांनी जाळ्याची गाठ मारली. दातानं दोरा तोडला.

"नारळ लय जड लागतो गं," म्हणाले.

मग पुढचा दोरा घेतला.

जमना

९ ऑगस्ट, संध्याकाळ

घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

भरती दुपारी होती. मांडव भरला होता. सोनेरी कागदातला नारळ ताटात, बोटींना पताका. सुलू पिवळ्या परकरात उभी राहिली. माईक तिच्या नाकापर्यंत येत होता. तो तिनं बाजूला केला. तिला लागतही नाही.

तिनं गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगितली. भाकर तांदळाची केली आणि बरोबर सुका बोंबील दिला. आईचा आशीर्वाद बोंबील विकणाऱ्या नर्मदामावशीच्या आवाजात काढला. नर्मदामावशी पुढच्याच रांगेत होती, ती म्हणाली, "मेली, मी अशी बोलते?" सगळ्या बायका पुढे सरकल्या.

नूला होडीत बसली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "बाई होडीत चढली? मग कसला मासा मिळतोय!"

सुलू थांबली. त्या बाजूला बघून म्हणाली, "मासा आणायला नव्हती गेली. बापाला आणायला गेली होती."

मांडव हसला. ओरडणारा पण. धुक्यात नूलाला तीन आवाज मागे बोलावतात, तिथं मुलं श्वास धरून होती. ती मागे बघत नाही. बापाला आणते. टाळ्या इतक्या झाल्या की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले.

विश्रामकाकांनी माईक घेतला. पुकारलं, "मानाचा नारळ, एकनाथभाऊ." बाबा उठले. मी विश्रामकाकांच्या हातातून माईक घेतला. त्यांनी सोडला. मला वाटलं होतं खेचावा लागेल.

मी एवढंच म्हटलं, "सहा वर्षांपूर्वी मी खोटं बोलले. भाविका काठावर नव्हती. काठावर मी होते. बोट तिनं आणली."

माईकची शिट्टी वाजली. मग मागून आवाज, "आता काय पुरावा? सहा वर्षं झाली."

नर्मदामावशी उठली. "मी होते. पाऊस आला म्हणून बोंबील उचलत होते दोरीवरचे. मी पाहिलं पोरीला."

"मग आतापर्यंत गप का?"

"मला कोणी विचारलं? तुमी जमनाला विचारलं. ती शिकलेली. मी आपली बोंबीलवाली."

बायका हसल्या. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. 'बोट बाटली' हे मी दोनदा ऐकलं. आपले चारही खलाशी एकत्र उभे होते, एकमेकांकडे बघत.

तेव्हा बाबा बोलले. माईक न घेता. इतक्या मोठ्यानं बोलताना त्यांना मी लहानपणी ऐकलं होतं, वाऱ्यातून बोटीवरून.

"मी पडलो होतो. शुद्ध नव्हती. पोरीनं आणली बोट. मी गप राहिलो. विश्राम, तुझ्या होडीतनं आली ती. त्या होडीतनं तू सहा वर्षं बोटीवर जातोस. बाटली काय तुझी होडी? त्याच बोटीवर हे चौघं सहा हंगाम गेले. बुडाली काय बोट? गेल्या वर्षी सगळ्यात जास्त सरंगा कोणाच्या जाळ्यात होता?"

सगळ्यांना माहीत होतं, आपल्या.

विश्रामकाका खाली बघत होते. मग म्हणाले, "माझं वल्हं चिरलेलं सापडलेलं. ओढणी बांधलेली त्याला. हिरवी." त्यांनी टोपी काढली. "मी ती सोडून टाकून दिली. मला तवाच कळायला पाहिजे होतं. कळलं पण असेल."

भाविका, ओढणीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला पत्रात लिहिलं, तेवढंच.

बाबांनी ताट उचललं. म्हणाले, "मान माझा नाय. जिचा हाय ती लांब हाय. तिची बहीण नेईल." आणि नारळ माझ्या हातात दिला.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. घरापासून पन्नास पावलांवर बोटी असतात. मी आजवर एकदाही चढले नव्हते. विश्रामकाकांनी हात दिला. फळी हलत होती. मागून सुलू ओरडली, "बाई, खाली बघू नका, समोर बघा!" बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, नाचाला वाजवतात तशा, एका ठेक्यात.

खाडीच्या तोंडाशी गेलो. खडक उजवीकडे होते. काठावरून मला ते नेहमी लांब वाटायचे. ते लांब नाहीत. तू किती जवळून वळवलीस ते आज पाहिलं.

मी तुझं नाव घेतलं आणि नारळ सोडला. तो बुडाला, वर आला, तरंगत गेला. मग मला बोट लागली आणि मी वाकून उलटी केली. नर्मदामावशीचा आवाज काठावरून पाण्यावर आला, "वा गं जमना! समुद्राला दोन दोन नैवेद्य!"

परत आलो तेव्हा बाबा काठावर होते. त्यांनी मला उतरवलं. बसायला सांगितलं. पाणी दिलं.

गावात दोन तट पडले आहेत. चहाच्या टपरीवर भांडण चालू आहे, इथपर्यंत ऐकू येतं. रात्रीच्या भरतीला बोटी निघणार आहेत. आपले खलाशी चढणार की नाही, त्यांनी सांगितलेलं नाही. विश्रामकाका म्हणाले, "बघू." चढले नाहीत तर बोट उभी राहील आणि त्याला कारण मी असेन. मी ते कुणावर ढकलणार नाही.

सुलूनं काढलेलं चित्र या पत्राबरोबर ठेवते आहे. नूला होडीत आहे. सुलूनं आज तिला हिरवी ओढणी दिली आहे, पुस्तकात नाही. मी बदलायला सांगितलं नाही.

ताई

१० ऑगस्ट, सकाळ

रात्रीच्या भरतीला बोटी गेल्या. आपलीही गेली. चारही खलाशी चढले. बाबा आठ वाजेपर्यंत झोपले.